पुराच्या गल्लीतलं स्वयंपाकघर: पंचेचाळीस हजारांत काय राखलं, काय बदललं

पार्श्वभूमी

कोल्हापुरात नदीकडच्या सखल भागातलं हे घर. तळमजला, आणि वर नंतर चढवलेली एक खोली. कुटुंबाची ओळख कळू नये म्हणून गल्लीचं नाव आणि काही घरगुती तपशील वगळले आहेत. निर्णयांचा क्रम आणि हिशेब मात्र होता तसाच दिला आहे. घरात निवृत्त काका, काकू, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत काम करणारा मुलगा, सूनबाई आणि शाळेत जाणारी नात. धाकट्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर ठरलं होतं. लग्नाच्या खर्चातून स्वयंपाकघरासाठी ४५ हजार रुपये बाजूला काढता येत होते, त्याहून जास्त नाहीत, हे काकांनी पहिल्याच भेटीत सांगितलं.

स्वयंपाकघर साधारण १० बाय ८ फुटांचं. दोन भिंतींना धरून काटकोनातला ओटा, वर कडप्पा. ओट्याखालचे उभे-आडवे कप्पेही कडप्प्याचेच, त्यांना पुढून सागवानी चौकट आणि प्लायची सहा दारं. वर भिंतीला टांगलेली चार कपाटं, कमर्शियल प्लायची, तपकिरी रेघांच्या सनमायकाची. हे सगळं १९९८ साली काका नोकरीत असताना झालं होतं. त्या काळातली अशी स्वयंपाकघरं पेठांमध्ये आजही घरोघरी दिसतात आणि बहुतेकांचा सांगाडा अजून भक्कम आहे.

या घरात मात्र मध्ये दोन पूर येऊन गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ओट्याच्या वरच्या कडप्प्याला टेकायला वीतभरच कमी राहिलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. वरची कपाटं दोन्ही वेळा कोरडी राहिली, खालची दारं दोन्ही वेळा पाण्यात होती.

नेमकी अडचण

माझ्याकडे निरोप आला तो ‘किचन जुनं दिसतंय, नवं करायचंय’ एवढाच. प्रत्यक्ष पाहिल्यावर दिसण्याचा भाग त्यातला सर्वांत छोटा निघाला.

खालच्या सहापैकी तीन दारं गेलीच होती, तिथे काकूंनी जुन्या साडीचा पडदा लावला होता. उरलेल्या तिघांचे प्लायचे थर सुटून दारं पोटात फुगली होती, मिटायची नाहीत. सिंकखाली कायम ओल आणि झुरळं. वरच्या कपाटांवर हळद-तेलाचा पिवळट चिकट थर, पट्टी बिजागऱ्या ढिल्या, एक दार तर एकाच स्क्रूवर लोंबत होतं. शिवाय काकूंचे गुडघे. खालच्या कप्प्याच्या आतून कढई काढायची तर त्यांना जमिनीवर बसावं लागे आणि उठताना सूनबाईंना हाक मारावी लागे. ही गोष्ट त्यांनी स्वतःहून सांगितली नाही. ‘रोज कोणतं भांडं काढताना त्रास होतो?’ असं विचारल्यावर कळलं. असा प्रश्न प्रत्येक घरात विचारायलाच हवा, कारण रंग कोणता हवा हे लोक आपणहून सांगतात, दुखणं सांगत नाहीत.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय कुटुंबाने आधीच पडताळला होता. संपूर्ण मॉड्युलर किचनचं कोटेशन त्यांच्याकडे होतं, पावणेदोन लाखांच्या घरातलं. पैशाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी त्यातले खालचे खण पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचे होते. पार्टिकल बोर्ड एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि वाळल्यावर मूळ जाडीला परत येत नाही. ज्या घरात दोन वर्षांत दोनदा पुराचं पाणी आलं, तिथे हा माल बसवणं मला कुठल्याच किमतीत पटलं नसतं.

दुसरा, चिकट विनाइल पेपर. दोन-तीन हजारांत सगळी दारं झाकली जातात आणि पहिले काही महिने छान दिसतात. पण खालच्या दारांना झाकण्यासारखं काही उरलंच नव्हतं आणि वरची दोन दारं गॅसच्या लगत होती. वाफ आणि उष्णतेने अशा पेपरच्या कडा सुटतात, सुटलेल्या कडेखाली तेल जातं आणि मग तो धड चिकटतही नाही, धड निघतही नाही.

तिसरा, सुताराकडून प्लायची नवी दारं आणि नवी सनमायका, वर-खाली सगळीकडे. काकांचा कल याकडे होता. मिस्त्रींनी तोंडी अंदाज दिला तो साठ हजारांच्या पुढे.

चौथा, वरचं राखायचं आणि खालचं वेगळ्याच मालाचं करायचं. हा पर्याय कुटुंबाच्या मनात नव्हता, कारण वर-खाली एकसारखं नसेल तर ‘अर्धवट केलं’ असं पाहुणे म्हणतील ही धास्ती होती. ती धास्ती खोटी नव्हती. लग्नघरात लोक बघतातच.

पहिला निर्णय: काय राखायचं

कपाटाच्या कामात खर्च सांगाड्याचा असतो आणि डोळा दारांवर जातो. म्हणून आधी कपाटं पूर्ण रिकामी केली. पेचकसाच्या मुठीने प्रत्येक फळी ठोकून पाहिली, कोपऱ्यांत टोक टोचून पाहिलं. शाबूत प्लाय टणक आवाज देतो आणि टोक आत जात नाही. वरच्या चारपैकी तीन कपाटं या तपासणीत चांगली निघाली. भिंतीतले स्क्रू गंजलेले होते, पण फळ्या १९ मिमीच्या आणि घट्ट. खाली कडप्प्याचे कप्पे तर शंभर टक्के धड. पुराने त्यांचं काहीच बिघडवलं नव्हतं. सागवानी चौकटीचा सिंककडचा एक उभा तुकडा कुजला होता, तेवढाच.

काकू तेव्हा म्हणाल्या, “मग सगळं काढून टाकायला सांगत होते ते कशापायी?” उत्तर साधं आहे. नवं बसवणाऱ्याला जुन्याचा हिशेब धरायला परवडत नाही. त्याचं माप, त्याचे खण, त्याचा कारखाना ठरलेला असतो. त्यात फसवणूक नाही, पण कमी पैशातल्या घराला ती वाट सोसत नाही.

दुसरा निर्णय: खालची दारं कशाची

पुन्हा पाणी येणार हे धरूनच माल निवडायचा होता. मरीन प्लाय हा एक विचार होता. आयएसआयच्या खुणेसोबत ७१० हा आकडा छापलेला खरा मरीन प्लाय पाण्यात बराच टिकतो, पण महाग पडतो. शिवाय कडा नीट बंद केल्या नाहीत तर पुराचा गाळ सनमायकाच्या खाली शिरतो.

पीव्हीसी फोम बोर्ड, म्हणजे प्लास्टिकची हलकी फळी, पाणी पीत नाही, वाळवी त्याला लागत नाही आणि स्वस्तही आहे. त्याचा कच्चा दुवा स्क्रू. नुसत्या बोर्डात बिजागरीचे स्क्रू घातले तर रोज उघडझाप करून ते सैल होतात आणि वर्षभरात दार उतरतं. शिवाय उष्णतेने तो मऊ पडतो. म्हणून चारही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची चौकट आणि मध्ये फोम बोर्ड असं ठरलं, जेणेकरून बिजागरी धातूत बसेल. वजन हलकं आणि पाण्यात राहिलं तरी पाइपच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरता येणारं.

खरा फरक पडला तो मुलाच्या एका सूचनेने. पुराच्या वेळी हे कुटुंब काय करतं ते तो सांगत होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की धान्याचे डबे, गाद्या, टीव्ही वरच्या खोलीत जातात. ४३ फूट ही धोका पातळी, तिच्या आधी माणसं निघतात. “मग दारंबी वर नेता आली तर?” असं त्याने विचारलं. फौंड्रीतल्या माणसाला पिनेची बिजागरी माहीत असते, ज्यातून दार वर उचललं की निघून येतं. फाटकांना असते तशी. तशाच छोट्या बिजागऱ्या शिवाजी उद्यमनगरमध्ये एका फॅब्रिकेटरने करून दिल्या, गंजू नयेत म्हणून स्टेनलेस स्टीलच्या. दर दारामागे खर्च थोडा वाढला. मला तो सगळ्या कामातला सर्वांत योग्य खर्च वाटतो. कोल्हापूर-सांगलीच्या पूरपट्ट्यातल्या प्रत्येक तळमजल्याच्या स्वयंपाकघरात ही सोय असावी असं मला मनापासून वाटतं.

सिलिंडरच्या खणाच्या दाराला खाली आणि वर जाळीची पट्टी ठेवली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. जुनी दारं फुगून उघडी राहत होती म्हणून तो खण आपोआप हवेशीर होता. नवी दारं घट्ट मिटणार, तेव्हा हवेची वाट मुद्दाम ठेवणं भाग होतं. सुंदर दारांच्या नादात हे अनेकदा राहून जातं.

तिसरा निर्णय: कधी करायचं

बोलणं चाललं होतं जुलैत. काकूंना गौरी-गणपतीच्या आत सगळं पूर्ण हवं होतं. इथे माझा आणि त्यांचा सूर जुळेना. कोल्हापूरच्या भर पावसाळ्यात हवेतच इतकी ओल असते की रंग वरून वाळल्यासारखा वाटतो, आत कच्चाच राहतो. जुन्या फळ्याही ओल धरून असतात, त्यांवर प्रायमर नीट बसत नाही. “गौरीला माहेरवाशिणी येणार, त्या हेच बघणार का?” हा त्यांचा प्रश्न होता आणि तो भावनेचा असला तरी त्याचं उत्तर कामातूनच द्यायला हवं होतं.

शेवटी काम दोन टप्प्यांत वाटलं. गणपतीच्या आधी नळकाम, खालची दारं आणि भांड्यांसाठी बाहेर ओढायची ट्रॉली, म्हणजे ज्याला पावसाचा त्रास नाही ते. दसऱ्यानंतर वरच्या कपाटांचा रंग. दोन्ही टप्प्यांच्या मध्ये वरची दारं सोड्याच्या पाण्याने धुऊन स्वच्छ तेवढी करायची. त्यामुळे गौरीच्या वेळी खालचं नवं आणि वरचं जुनंच पण लख्ख, असं रूप होतं. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत अवघड निर्णय होता, कारण त्यात घरच्या बाईला सणाला अपुरं घर स्वीकारावं लागलं. काकूंनी ते स्वीकारलं म्हणून रंग टिकला.

काम कसं झालं

पहिल्यांदा गळती. सिंकच्या जाळीखालचा कपलिंगचा वायसर कडक होऊन चिरला होता आणि सिंक-कडप्प्याच्या सांध्यातलं सिमेंट सुटलं होतं. दोन्ही बदलून, सांधा सिलिकॉनने भरून, खाली कोरडा कागद पसरून दोन दिवस वाट पाहिली. कागद कोरडा राहिल्यावरच पुढचं काम हाती घेतलं. गळती चालू असताना नवी दारं बसवणं म्हणजे पैसे ओलीत घालणं.

चौकटीचा कुजलेला तुकडा मिस्त्रींनी कापून नवा जोडला. गुडघ्यांच्या दुखण्यावर उपाय म्हणून गॅसशेजारच्या एका खणात स्टीलच्या दोन जाळ्यांची ट्रॉली बसवली. रोजची कढई, तवा, कुकर त्यात. सगळ्या खणांना ट्रॉली केली असती तर निम्मं बजेट तिथेच संपलं असतं. एका खणाने रोजचं नव्वद टक्के वाकणं संपलं, असं काकूच म्हणतात.

वरचं काम दसऱ्यानंतर सुरू झालं आणि लगेच अडलं. चौथं, पश्चिमेच्या भिंतीवरचं कपाट भिंतीपासून सोडवलं तेव्हा मागच्या पातळ प्लायवर मातीच्या वाटा दिसल्या. वाळवी. तपासणीत हेच एक कपाट मागून पाहता आलं नव्हतं. बाहेरच्या बाजूला छज्ज्याच्या सांध्यातून पावसाचं पाणी भिंतीत मुरत होतं आणि त्या ओलीवर वाळवी आली होती. काका म्हणाले, “ते कपाटच काढून टाका, तीनच ठेवू.” पैसे वाचले असते. पण वाळवी भिंतीत होती, उरलेल्या तीन कपाटांपर्यंत जायला तिला वेळ लागला नसता. आपत्कालीन म्हणून बाजूला ठेवलेले पाच हजार इथे उपयोगी पडले. आधी बाहेरचा सांधा बुजवला, मग माहितगार माणसाकडून वाळवीचं औषध मारून घेतलं. त्यासाठी सगळी भांडी आणि धान्य हलवून दोन दिवस स्वयंपाक वरच्या खोलीत केला. कपाटाला नवी पाठ लावली ती भिंतीपासून बोटभर अंतर ठेवून, म्हणजे हवा खेळती राहील आणि वाळवी पुन्हा आलीच तर दिसेल.

आता रंग. जुन्या सनमायकावर रंग टिकत नाही असं सगळे सांगतात, आणि नुसता ऑइल पेंट फासला तर ते खरंच आहे. सनमायकाचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि न शोषणारा. त्यावर तेलाचा थर राहिला तर कोणताही रंग सोलून निघतो. दारं उतरवून गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासली, साध्या पाण्याने दोनदा पुसली, पूर्ण वाळू दिली. मग १५० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासली. जुन्या बिजागऱ्यांची भोकं आणि टवके लांबीने (पुट्टीने) भरले. त्यावर गुळगुळीत पृष्ठभागावर धरणारा खास प्रायमर आणि रोलरने रंगाचे दोन पातळ हात. रंग पाण्यातला एनॅमल निवडला, कारण तेलातला पांढरा रंग कमी उजेडाच्या स्वयंपाकघरात काही काळाने पिवळा पडतो. पुन्हा सनमायका मारण्यापेक्षा हे निम्म्याहून कमी खर्चात झालं.

रंग कोणता यावर घरात दोन मतं होती. सूनबाईंना चमकदार शुभ्र हवा होता, काकूंना पुन्हा तपकिरीच. मी एका जुन्या फळीच्या तुकड्यावर दोन-तीन रंग लावून तो गॅसशेजारी आठवडाभर ठेवायला सांगितला. रोज फोडणी, मटणाचा रस्सा, कांदा-लसूण चटणीचा हात. आठवड्याने शुभ्र तुकड्यावरचे हळदीचे डाग पुसूनही उरले, सायीच्या रंगावर ते जाणवत नव्हते. वर साय आणि खाली अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत गडद हिरवा बोर्ड असं ठरलं. दोन्हीकडे एकसारखी स्टीलची हँडल घेतली आणि वर-खाली वेगळा माल असल्याची धास्ती तिथेच संपली. वरच्या दारांना आपोआप मिटणाऱ्या बिजागऱ्या बसल्या. चिमणी परवडत नव्हती, त्याऐवजी खिडकीत एक्झॉस्ट पंखा.

हिशेब

नळकाम २,७००, खालची सहा दारं बिजागऱ्यांसह १५,६००, ट्रॉली ५,२००, वरच्या कपाटांचं सुतारकाम आणि बिजागऱ्या ७,४००, वाळवी आणि बाहेरचा सांधा ३,२००, रंगाचं साहित्य ३,९००, रंगाऱ्याची मजुरी ४,६००, पंखा २,०००, हँडल १,५००. एकूण ४६,१०० रुपये. ठरल्यापेक्षा ११०० जास्त. दारं धुणं आणि घासणं मुलगा आणि सूनबाईंनी केलं, नाहीतर मजुरी आणखी वाढली असती.

परिणाम

लग्न नीट पार पडलं. पुढच्या पावसाळ्यात नदीने इशारा पातळी ओलांडली तेव्हा मुलगा कामावर होता. सूनबाईंनी एकटीने सहाही दारं उचलून वर नेली, अर्ध्या तासात. पाणी त्या वेळी गल्लीत शिरलं नाही, पाऊस ओसरल्यावर दारं परत बसली. सिंकखालचा खण कोरडा आहे, झुरळं जवळजवळ गेली आहेत. वाळवीची खूण पुन्हा दिसलेली नाही.

गॅसशेजारच्या दोन वरच्या दारांचा रंग मात्र हँडलपाशी निघाला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

त्या दोन दारांचं कारण स्पष्ट आहे. रंग दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, पण पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. लग्नाची धावपळ असल्याने तिसऱ्याच दिवशी सगळी दारं बसवून वापर सुरू झाला आणि तेलकट हात सर्वांत जास्त तिथेच लागले. फक्त ही दोन दारं महिनाभर उतरवूनच ठेवली असती, कप्पे तेवढे दिवस उघडे राहिले असते, तर चाललं असतं. किंवा या दोघांनाच नवी सनमायका मारायची आणि बाकीची रंगवायची. खर्च हजार-बाराशेने वाढला असता. पुन्हा असं काम आलं तर मी दुसरा मार्ग सुचवेन.

वरचं प्रत्येक कपाट अंदाजपत्रकाच्या आधीच भिंतीपासून सोडवून पाहिलं असतं तर वाळवी जुलैतच सापडली असती. त्याला मिस्त्रींची एक हजेरी लागते. जुन्या बांधकामात, विशेषतः पावसाच्या दिशेच्या भिंतीला, ती हजेरी द्यावी.

राहिली ट्रॉली. दारं उचलून नेता येतात, जाळ्याही निघतात, पण ट्रॉली ज्यांवर सरकते ते चॅनेल कडप्प्याला पक्के बसवलेले आहेत आणि ते साध्या लोखंडाचे मुलामा दिलेले आहेत. पाणी आलं तर गाळ त्यांच्या गोळ्यांमध्ये अडकून ते जाम होणार. स्टेनलेस चॅनेलला तेव्हा पैसे उरले नव्हते. यंदा मे महिन्यात ते बदलायचे असं काकांनी ठरवलं आहे, आणि त्याच खेपेला ती दोन दारंही सनमायकासाठी उतरवली जातील.